न घेतलेल्या नेमाची घंटा

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्या आईने आवाज खाली आणला, तेव्हाच मी ओळखलं की विषय तुमच्यापैकी कुणाचा तरी आहे. धाकटी वर्गात तोंड उघडत नाही, डबा एकटीच खाते, बाईंनी आईवडिलांना बोलावून घेतलं आणि कुणा समुपदेशकाकडे न्यायला सांगितलं, असं ती म्हणाली. तेवढ्यात मागून थोरल्याचा आवाज आला, "आजी, ती इंट्रोव्हर्ट आहे, बाकी काही नाही." फोन ठेवल्यावर मी दोन्ही निदानांचा विचार करत बसले. मला दोन्हींचा संशय येतो. बाईंना वाटतं, मुलीत काहीतरी बिघडलं आहे. थोरल्याला वाटतं, शब्द सापडला म्हणजे प्रश्न मिटला. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजी शब्दांना मी बिचकत नाही. पण माणसाला एकदा नाव चिकटलं की लोक त्याच्याकडे बघायचं सोडून देतात, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या कोल्हापूरच्या घरात असंच एक गप्प माणूस आलं होतं. तिच्याबद्दल निदानं पुष्कळ झाली आणि त्यांच्यापायी तिचा संसार मोडायची वेळ आली. ते सगळं क्रमाने लिहून ठेवते. आत्ताच लिहायचं कारण असं की तेव्हा त्या घरात असलेल्यांपैकी मी एकटीच उरले आहे. माझं काही चुकलं तर दुरुस्त करणारं कुणी नाही. म्हणून माझी उलटतपासणी मीच घेत लिहिते आहे. जिथे खात्री नाही तिथे तसं सांगेन.

आधी गाव समजून घ्या. कोल्हापुरात बोलायचं ते ऐकू जाईल असं. आमच्या गल्लीत या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला "आज काय शिजवलंयस?" असं घरात बसूनच विचारायची, आणि मधल्या सगळ्या घरांना दोघींचा स्वयंपाक कळायचा. भांडण रस्त्यावर, समजूत रस्त्यावर, रडणं ओसरीवर. माणूस बोलतो आहे तोवर त्याच्या पोटात काय आहे ते बाहेर येत राहतं, असा सगळ्यांचा पक्का समज होता. त्यामुळे जो बोलत नाही त्याच्या पोटात काहीतरी साठतं आहे, हे उघडच होतं.

आमचं घर भाड्याचं. वडील शाळामास्तर. आई सौम्य, पण घर तिच्या हातात नव्हतं. ते वडिलांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या हातात होतं. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिचा आवाज खणखणीत आणि नजर त्याहून. दूधवाली, भाजीवाली, भटजी, मी, कुणीही असो, आत्या त्या माणसाकडे आधी संशयाने बघायची आणि मग विचार करायची. मला वाटतं, माझ्यात तो गुण तिच्याकडूनच आला.

माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणत असे, संस्थानच्या कचेरीत कारकून होता. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्या वर्षी उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. पुण्याच्या नेमणुकीचा हुकूम लग्नाआधीच आला होता, त्यामुळे तो लगेच तिकडे गेला. तिथे तो दुसऱ्या दोघांबरोबर एका खोलीत राहू लागला. नवी वहिनी आमच्याकडे राहिली. ती गडहिंग्लजच्याही पलीकडची, कानडी मुलुखाला लागून असलेल्या एका गावची.

वहिनी बोलत नसे. रुसलेली नव्हती, तोंड फुगवत नव्हती, कामात उणं नव्हतं. विचारलं तर उत्तर द्यायची, स्पष्ट आणि पुरेसं. आपणहून मात्र काही बोलायची नाही. सकाळी पाणी तापवण्यापासून रात्री भांडी उपडी घालण्यापर्यंत सगळं व्हायचं आणि घरात तिचा आवाज म्हणून नसायचा.

पहिला संशय आत्यालाच आला. "मुलीला ऐकू येत नाही. फसवलं आपल्याला." ती एक दिवस वहिनीच्या पाठीमागे उभी राहिली आणि तिने पितळी पातेलं फरशीवर सोडून दिलं. मी दचकले, आई किंचाळली. वहिनीने वळून बघितलं, पातेलं उचललं, पोचा आलाय का ते पाहिलं आणि फडताळात ठेवून दिलं.

"ऐकू येतं," आई म्हणाली.

"येतं ना? मग दचकली का नाही?" आत्या म्हणाली. संशय मिटायच्या ऐवजी वाढला.

आईचं मत वेगळं होतं. मुलगी कानडी भागातली, तिला आपली मराठी कळत नसावी, असं आईला वाटे. आई तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "ही. विळी. इथं. ठेव." वहिनीने काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा विळी जागेवर ठेवता ठेवता शांतपणे म्हणाली, "आई, मला मराठी येते. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले आहे." मला हसू आलं. आईला वाईट वाटलं. आत्या मात्र म्हणाली, "बघ! एवढं शुद्ध बोलते आणि बोलत नाही. म्हणजे घमेंड."

आमच्या मागच्या दाराशी रोज एक म्हशीवाली मावशी यायची. सकाळी दूध घालायची, आणि दुपारी आमची जेवणं आटोपायच्या सुमाराला म्हशीसाठी भाजीची सालं आणि उरलंसुरलं न्यायला पुन्हा यायची. ती आत्याला आक्का म्हणायची आणि तिचा आवाज आत्याच्याही वरचा होता. तिने दारातूनच निदान केलं.

"आक्का, ह्ये बाहेरचं हाय."

"बाहेरचं म्हणजे?"

"कुणीतरी बोलती बंद केलीया हिची. आमच्या भावकीत एक सून अशीच हुती. दोन वरसं गप. मग एक दिवशी जी सुटली, सासऱ्यालाच शिव्या की!"

"मग?"

"मग काय, सासरा गप झाला."

आत्या हसली नाही. तिने ते मनात ठेवून दिलं.

त्यानंतर पैंजण आले. वहिनीचं चालणंही बिनआवाजाचं होतं. आत्या माजघरात बसून बोलत असायची आणि मागे वहिनी कधी येऊन उभी राहिली ते तिला कळायचं नाही. "चोरपावलांची आहे," ती आईला म्हणाली आणि हुपरीहून येणाऱ्या एका कारागिराकडून भरपूर घुंगरांचे पैंजण करून घेतले. नव्या सुनेची हौस म्हणून सगळ्या गल्लीला दाखवले. खरा हेतू घरात आम्हा तिघींनाच ठाऊक होता. ज्या पायांत ते घालायचे होते त्या पायांनाही तो कळला असावा, कारण आठवड्याभरात वहिनी घुंगरू न वाजवता चालायला शिकली. पाऊल सबंध टेकवायचं आणि सबंध उचलायचं. मी स्वतः करून पाहिलं आहे, अवघड आहे. आत्या म्हणाली, "आता तर माझी खात्रीच झाली." कशाची, ते तिने सांगितलं नाही.

दुपारी सगळं आवरलं की वहिनी परसातल्या लाकडांच्या खोलीत जाऊन बसायची. त्या खोलीत सरपण, गोवऱ्या आणि एक मोडकी आरामखुर्ची होती. आत्याने मला पाठवलं. "जा, बघून ये काय करते. कुणाशी बोलते का, काही पुरते का, रडते का."

त्या खोलीच्या दाराच्या फळ्यांत फट होती. मी डोळा लावला. वहिनी लाकडांच्या ढिगावर बसली होती. हात मांडीवर, डोळे उघडे, समोर भिंत. मी पायाला मुंग्या येईपर्यंत उभी राहिले.

"काय करतेय?" परत आल्यावर आत्याने विचारलं.

"बसलीय."

"आणि?"

"बसलीच आहे."

"बसून काय करतेय?"

"काही नाही."

"काही नाही असं कुणी काही करत नसतं," आत्या म्हणाली. "तुला बघता येत नाही. उद्या पुन्हा जा."

मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. ती दर वेळी बसलेलीच होती. मलाही मग वाटू लागलं की यात काहीतरी असणार. माणूस इतक्या वेळा बसतो आणि त्यातून काही निघत नाही, हे त्या वयात मलाही पटत नव्हतं.

आषाढी एकादशी आली आणि चातुर्मास लागला. तुम्हाला हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. त्या चार महिन्यांत बायका काहीतरी नेम धरायच्या. कुणी वांगं सोडायची, कुणी केळीच्या पानावरच जेवायची, कुणी रोज ठरलेली रांगोळी काढायची. त्यातला एक कठीण नेम मौनभोजनाचा. चारही महिने जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. चातुर्मास संपला की प्रत्येक नेमाचं उद्यापन, म्हणजे सांगता करायची आणि नेमाप्रमाणे दान द्यायचं. मौनाच्या नेमाला घंटा दान देतात.

त्या वर्षी आत्याने कांदा आणि गोड, दोन्ही सोडलं. आईने रांगोळी धरली. वहिनीला काय धरतेस म्हणून विचारायचं राहून गेलं. की आत्याने मुद्दाम विचारलं नाही? हे मला नक्की सांगता येत नाही.

थोड्याच दिवसांत एका दुपारी आम्ही बायका जेवत होतो आणि मावशी सालांची पाटी घेऊन मागच्या दारात टेकली होती. आई बोलत होती, मी बोलत होते, आत्या एका वेळी दोघींशी बोलत होती. वहिनी जेवत होती. मावशी बराच वेळ बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "व्हय वो आक्का, धाकल्या वैनींनी मौन धरलंय व्हय चातुर्मासाचं?"

आत्याचा हात थांबला. तो क्षण मला चांगला आठवतो. ह्याच मावशीने आदल्या महिन्यात गल्लीभर "मास्तरांची सून मुकी हाय" म्हणून सांगितलं होतं, आणि ते आत्याच्या कानावर आलं होतं. आत्याने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "धरलंय तर! आमच्या घरात काय कमी आहे?"

आई आत्याकडे बघत राहिली. वहिनीने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा भात कालवू लागली. ती तेव्हा काही बोलली नाही. का बोलली नाही, ते पुढे येईल.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. लोकांची नजर एका दिवसात पालटते, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं. काल जी मुकी होती तिच्या आज पाया पडायला बायका येऊ लागल्या. श्रावणात हळदीकुंकवाला तिला पहिला पाट. शुक्रवारी सवाष्ण म्हणून जिकडून तिकडून बोलावणी. काही बायका तर ती जेवते कशी ते बघायला काहीतरी निमित्त काढून दुपारच्या यायच्या आणि समोर बसून एकमेकींना मोठ्याने सांगायच्या, "बघ, मीठ लागलं तरी मागत नाही. हातानं खूण पण नाही." ज्या बाईला चार माणसांत बसणं जड जायचं तिला चाळीस डोळ्यांपुढे घास घ्यावा लागत होता. ती दुपारी लाकडांच्या खोलीत पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागली. आत्या ते बघून आलेल्या बायकांना सांगायची, "जपाला बसते." मला वाटतं, सांगता सांगता आत्याचाही त्यावर विश्वास बसला. आपणच उठवलेली गोष्ट दहा तोंडांनी परत ऐकली की ती खरी वाटू लागते.

इथवर बरं चाललं होतं. पण संशय आमच्या गल्लीत फार दिवस उपाशी राहत नसे. भाद्रपदात कुणीतरी विचारलं, "एवढा कठीण नेम नव्या नवरीनं कशासाठी धरला असेल?"

बरोबर आहे. कुणी वांगं सोडलं तर कुणी कारण विचारत नाही. पण मौन! एवढं काय मागायचं असेल देवाकडे? घरात तर खाऊनपिऊन सुखी दिसते. मग नवऱ्याचंच काहीतरी असणार. नवरा पुण्याला, बायको इथं. लग्न होऊन इतके दिवस झाले, अजून नेलं नाही. का नेलं नाही?

दसऱ्यापर्यंत माझ्या दादाने पुण्याला दुसरं बिऱ्हाड केलं होतं. म्हणजे गल्लीने त्याला ते करून दिलं होतं. शाळेत एका सहकाऱ्याने वडिलांना बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

आत्याला गल्लीचा राग आला नाही. गल्लीवर रागावून काय होणार? तिला वहिनीचा राग आला.

"मी पहिल्यापासून म्हणत होते. ही मुलगी गप्प राहून आपली बदनामी करतेय. एक शब्द न बोलता! बोलून केली असती तर तोंड तरी धरलं असतं." मग तिने वडिलांना सांगून टाकलं, "कार्तिकात उद्यापन होईल. तिच्या वडिलांना बोलवा. उद्यापन झालं की त्यांच्याबरोबर माहेरी धाडा. परत आणायचं की नाही ते पुढचं पुढं."

"पुढचं पुढं" याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. आमच्याच गल्लीत पुढचं पुढं म्हणून माहेरी धाडलेली एक बाई होती. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं आणि ती तिकडेच राहिली. आई रडली. वडील म्हणाले, "पाहू." वडिलांचं "पाहू" म्हणजे होकारच असायचा. वहिनी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होती. घुंगरू वाजले नाहीत, पण सुपाचा आवाज थांबला होता.

तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत उद्यापनाची तयारी झाली. आत्या स्वतः भांड्यांच्या बाजारात जाऊन चांगली जड पितळी घंटा घेऊन आली. दादा रजा घेऊन आला. वहिनीचे वडील सर्व्हिस मोटारीने आले, सोबत गुळाची ढेप आणि शेंगांची पिशवी. ते ओसरीवर बसले आणि बसूनच राहिले. मावशीने त्यांना गाठलं.

"काय पावणं, तुमच्यात कुणीच बोलत न्हाय व्हय?"

त्यांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "लागेल तेवढं बोलतो की."

"आन् किती लागतंय?"

त्यावर ते नुसते हसले. आत्या दारातून ऐकत होती. "सगळं घरच तसलं," ती आईच्या कानात म्हणाली.

माजघर बायकांनी भरून गेलं. मावशी उंबऱ्याबाहेर, पण सगळ्यांत पुढे. दादा आणि वहिनी पाटावर. भटजींनी मंत्र म्हणून झाल्यावर वहिनीच्या हातावर पळीभर पाणी घातलं आणि मराठीत सांगितलं, "म्हणा, चातुर्मासात मी मौनभोजनाचा नेम केला, त्याच्या सांगतेसाठी ही घंटा दान देते. आणि पाणी सोडा."

वहिनी काही म्हणाली नाही. आमच्यातल्या कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

"नुसतं पाणी सोडा, चालेल," भटजी म्हणाले.

तिने पाणी सोडलं नाही. हात तसाच ताम्हनावर धरलेला. बोटांच्या फटीतून थेंब पडू लागले तेव्हा तिने बोटं आणखी घट्ट मिटली. आत्या मागून म्हणाली, "सोड गं." वहिनीने मान वर केली आणि सगळ्या माजघराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. तेवढा मोठा आवाज तिच्यात होता, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"मी नेम केला नव्हता."

"काय?" भटजी म्हणाले.

"मी जेवताना बोलत नाही. माहेरीही बोलत नसे. तो नेम नाही, माझी रीत आहे. बाकी कुणी काही म्हणो, पण हातात पाणी घेऊन खोटं सांगता येणार नाही मला." आणि तिने हातातलं पाणी दादाच्या शेजारच्या फुलपात्रात परत ओतलं.

मग उंबऱ्याबाहेरून मावशीचा आवाज आला, "आता गं बया! मग आमी चार म्हैनं कुणाच्या पाया पडलो?"

कुणीतरी फिसकन हसलं. आत्याचा चेहरा लाल झाला होता. "नेम नव्हता तर एवढे दिवस सांगितलं का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

"मला कुणी विचारलं नाही, आत्याबाई," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "सगळ्यांनी माझ्याबद्दल तुम्हाला विचारलं. तुम्ही उत्तर दिलंत. मोठ्यांनी दिलेलं उत्तर चारचौघांत मी कसं खोडायचं? पण हे देवासमोरचं आहे."

वडील इतका वेळ भिंतीशी उभे होते. ते पुढे आले. मला वाटतं, ती घरात आल्यापासून त्यांनी तिच्याशी बोलायची ती पहिलीच वेळ होती. "मग मी विचारतो, बाळ. आमच्या घरात तुला काही दुःख आहे?"

"नाही."

"आमच्या मुलाबद्दल काही? इथेच सांग, सगळ्यांसमोर."

"त्यांच्याबद्दल काय? स्वतंत्र खोली मिळाली की मी पुण्याला जायचं, असं आमचं ठरलं आहे."

"कधी ठरलं?" आत्या ओरडली.

"लग्न होऊन येताना. मोटारीत."

सगळ्या बायका दादाकडे वळल्या. तो अवघडून म्हणाला, "खोली मिळालीय आता. तेच सांगायला आलो होतो."

"मग आल्या आल्या बोलायला काय झालं होतं तुला? तू काय मुका आहेस?"

"आत्या, मी कालपासून सांगायला बघतोय," दादा म्हणाला, "पण तुम्ही बोलत होतात."

वडील हसले. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वडिलांना तसं हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. त्यांनी वहिनीला पुन्हा विचारलं, "आणखी काही हवंय तुला?"

तिने थोडा विचार केला. "दुपारी थोडा वेळ मला कुणी हाक मारू नये."

"एवढंच?"

"एवढंच."

भटजींनी घंटा घ्यायला नकार दिला. नेम नाही तर दान कसलं? वहिनीच्या वडिलांनी फक्त एवढंच विचारलं की जेवून निघालं तर चालेल का. लेकीला घेऊन जायला आलेला तो माणूस दुपारच्या मोटारीने एकटाच परत गेला. चारआठ दिवसांनी वहिनी दादाबरोबर पुण्याच्या गाडीत बसली. गल्लीतल्या बायका स्टेशनवर आल्या होत्या, कारण तोवर तिच्याबद्दल नवीन निदान झालं होतं. इतकी गप्प राहून ऐन वेळी नेमकं बोलली, म्हणजे बाई फार जाणती आहे! मधल्या दिवसांत त्या तिच्याकडे सल्ला मागायला येत. कुणाच्या जावयाचं, कुणाच्या जमिनीच्या वाटणीचं. ती म्हणायची, "मला माहीत नाही." त्यातूनही त्या काहीतरी अर्थ काढून घरी जायच्या.

पुढे मी कॉलेजसाठी पुण्याला त्यांच्याकडेच राहिले. माझा संशय तोवर गेला नव्हता. मी तिला नीट न्याहाळलं. ती भित्री नव्हती, दुःखी नव्हती, गर्विष्ठ नव्हती. आणि नुसती गप्प होती म्हणून मोठी ज्ञानीही नव्हती. तिला माणसं आवडायची. पाहुणे आले की मनापासून करायची, विनोदाला खळखळून हसायची, आणि ते गेले की बाल्कनीत एकटी बसून राहायची. कैरीला मीठ लावून खाताना ती जगातल्या कशाचाही विचार करत नसे.

एकदा मी तिला विचारलंच, "लाकडांच्या खोलीत बसून तू काय विचार करायचीस?"

"काही नाही."

"खरं सांग."

"काही नाही गं. तुमच्या घरात आवाज फार होता. कान जरा खाली ठेवायला जायची मी तिकडे." मग ती हसली. "तू फटीतून बघायचीस. तुझी वेणी दिसायची."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. "मग बोलली का नाहीस?"

"तू गप्प उभी असायचीस. बरं वाटायचं."

ती विचार काहीच करत नसे, हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. आत्याला तर काहीच पटलं नाही. "नेम तिने धरलाच होता आणि आयत्या वेळी मला खाली पाहायला लावायला नाकारला," असंच आत्या शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी तिच्याशी वाद घातला नाही. पातेलं पडल्यावर वहिनी दचकली का नाही, याचं उत्तर मलाही कधी मिळालं नाही.

तेव्हा धाकटीबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. बाईंना विचारून झालं, समुपदेशकाला विचाराल, थोरल्याने तर नावही ठेवून दिलं. तुमच्या आईला मी त्याच फोनवर विचारलं होतं की डबा एकटीने खायला तिला आवडतं का, की तिला कुणी बोलावत नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली कुठली खरी ते तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. तुमची आई म्हणाली, "अगं, ते विचारायचं राहिलंच." थोरल्या, आईबाबांनाही सांग, तिलाच विचारा. आणि विचारल्यावर ती उत्तर देईपर्यंत मध्ये बोलू नका.

कोल्हापूरचं ते घर पाडून तिथे आता दुकानं झाली आहेत. लाकडांची खोली गेली. पैंजण वितळवून कुणाच्या तरी बारशाला वाळे केले. आत्याने ती घंटा दुकानात परत दिली नाही की देव्हाऱ्यात लावली नाही. फडक्यात गुंडाळून फडताळावर टाकली होती. पुढे आम्ही ते भाड्याचं घर सोडलं तेव्हा ती वहिनीने मागून घेतली आणि माझ्या लग्नात मला दिली. ती माझ्याकडे आहे. पितळ काळवंडलं आहे, लोलक शाबूत आहे.